कापलेली गाठ उकिरड्यावर टाकू नका

जनावराच्या अंगावर गाठ दिसली की बहुतेक घरांत दोन मते पडतात. एक जण म्हणतो, "चामखीळ आहे, आपोआप गळून जाईल." दुसरा म्हणतो, "हा कॅन्सरच. बैल हातचा जाण्याआधी बाजार दाखवा." दोघांनीही गाठ फक्त डोळ्यांनी पाहिलेली असते. पहिल्याचे ऐकले आणि गाठ वाईट निघाली, तर सहा महिन्यांत बैल उभा राहत नाही. दुसऱ्याचे ऐकले आणि गाठ साधी निघाली, तर चांगला कामाचा बैल मिळेल त्या भावाने जातो, जोडी मोडते आणि पेरणीच्या तोंडावर दुसऱ्याच्या दारात बैल मागायला उभे राहावे लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या दोन्ही नुकसानींतून वाचण्याचा मार्ग एकच आहे. गाठ कशाची आहे ते नक्की करून घेणे. आज आपण एका अगदी क्वचित होणाऱ्या गाठीच्या निमित्ताने ही गोष्ट समजावून घेऊ. जनावराच्या कातडीत ज्या तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी असतात, त्यांच्याच गाठी कधीकधी होतात. कुत्र्यांमध्ये त्या बऱ्याच दिसतात. गाईबैलांत फार कमी. पण जी गोष्ट क्वचित होते तीच ओळखायला चुकते, आणि ती ओळखण्याची रीत एकदा कळली की बाकीच्या नेहमीच्या गाठींचेही कोडे सुटते.

कातडीत दडलेले कारखाने

गाईच्या अंगावरचा एकेक केस कातडीत जिथे रुजलेला असतो, तिथे त्याच्या मुळाशी दोन लहान ग्रंथी असतात. एक तेलाची. तिच्यातून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे केस तुकतुकीत राहतात आणि पावसाचे पाणी कातडीत मुरत नाही. दुसरी घामाची. आपल्याला वाटते की बैलाला घाम येत नाही, पण तो येतो. कातडीवरून उडून जातो म्हणून माणसासारखा दिसत नाही. आपल्या देशी, वशिंडाच्या जनावरांच्या घामाच्या ग्रंथी विलायती जनावरांपेक्षा मोठ्या असतात. वैशाखाच्या उन्हातही खिलार बैल औत ओढतो आणि संकरित गाय सावलीत उभी राहून धापा टाकते, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

काही ठिकाणी या ग्रंथींचे रूप बदललेले असते. नाकाच्या शेंड्यावरची ओल तिथल्या खास ग्रंथींमुळे असते. म्हणून तर जनावर आजारी पडले की नाक कोरडे झाले का, हे आपण आधी पाहतो. पापणीच्या कडेलाही तेलाच्या ग्रंथींची ओळ असते. आणि गाईची कास ही तर कातडीच्याच ग्रंथीचे मोठे झालेले रूप आहे. इतके काम करणारी ही ग्रंथी, पण कासेचा कॅन्सर गाईत अतिशय दुर्मिळ आहे. कासेत गाठ लागली तर ती बहुधा जुन्या दगडीची असते.

सडांच्या कातडीची गोष्ट मात्र उलटी आहे. गाईच्या सडावर केस नसतात आणि तिथे ना तेलाची ग्रंथी असते ना घामाची. म्हणूनच सड लवकर उलतात आणि धार काढल्यावर मऊपणासाठी काही लावावे लागते. यातून एक उपयोगी हिशेब निघतो. सडावर गाठ आली तर ती तेलाच्या किंवा घामाच्या ग्रंथीची नसणार. ती बहुतेक वेळा चामखीळ असते. जागा पाहूनच अर्धे निदान होते ते असे.

गाठ होते म्हणजे काय होते

शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आणि हे काम शिस्तीत चालते. कधी एखाद्या ठिकाणी ही शिस्त सुटते. पेशी गरज नसताना वाढू लागतात आणि त्यांचा गोळा होतो. हीच गाठ.

तिचे दोन स्वभाव असतात. साधी गाठ सावकाश वाढते, आपल्या हद्दीत राहते, शेजारच्या मांसात घुसत नाही. मुळासकट काढली की बहुधा परत येत नाही. वाईट गाठ म्हणजे कॅन्सर. ती बांध कोरून शेजारच्या शेतात शिरणाऱ्या पाण्यासारखी आजूबाजूला घुसते, आणि तिच्यातल्या पेशी रक्तातून किंवा लसिकेतून दूर जाऊन दुसरीकडे रुजतात. तेलाच्या ग्रंथीची गाठ असो की घामाच्या, दोन्हींत साधी आणि वाईट असे हे दोन्ही स्वभाव असतात. वरून दोघी सारख्याच दिसू शकतात. सगळी अडचण इथेच आहे.

आधी नेहमीचे ओळखा

क्वचित होणाऱ्या रोगाचा विचार करण्याआधी नेहमीचे एकेक बाजूला काढावे. अंगावर फुगवटा दिसला म्हणजे ती गाठच असते असेही नाही.

*गळू.* हात लावल्यास गरम लागते, जनावर दुखते म्हणून अंग काढून घेते. काही दिवसांत मध्ये मऊ पडते आणि आत पू असतो. काटा किंवा सुई लागल्यावर होते.

*मार लागून साकळलेले रक्त.* दुसऱ्या जनावराने शिंग मारले, की एका दिवसात मोठा मऊ फुगवटा येतो. गळू समजून तो चिरला तर रक्त थांबता थांबत नाही.

*बेंबीचा अंतर्गळ.* वासराच्या बेंबीशी मऊ फुगवटा येतो, दाबला की आत जातो. यात आतडे असू शकते. गाठ समजून हा कापला तर वासरू गेलेच म्हणावे.

*अवधाण.* जखम झाली की जवळची लसिकाग्रंथी सुजते. खांद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना सूज, सोबत जोराचा ताप आणि अंगावर गोचीड असतील, तर संकरित जनावरांत गोचीडतापाची शंका आधी घ्यावी. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

*खांदेसूज.* जू नीट बसत नसेल, एका बाजूला ओझे जास्त येत असेल, तर मानेवर सूज येते. दुर्लक्ष केले की ती घट्ट होऊन कायमची गाठ बनते.

*चामखीळ.* गाईबैलांच्या कातडीवरच्या गाठींत ही सर्वांत जास्त दिसते. ती विषाणूमुळे होते. बहुतेक दोन वर्षांच्या आतल्या वासरांना आणि कालवडींना होते, एकाच वेळी अनेक ठिकाणी येते, आणि वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत असते. अंगात प्रतिकारशक्ती आली की काही महिन्यांत, फार तर वर्षभरात ती बहुधा आपोआप झडते.

*लम्पी.* हा आता आपल्या सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. आपल्या देशात हा रोग २०१९ मध्ये ओडिशात प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली. आधी ताप, मग एकदोन दिवसांत सुपारीपासून लिंबाएवढ्या गाठी अंगभर. एकाच जागी, महिनोन्‌महिने सावकाश वाढणारी गाठ ही लम्पी नव्हे.

*शिंगाचा कॅन्सर.* आपल्याकडच्या बैलांत हा पूर्वीपासून माहीत आहे. वयस्क, खच्ची केलेल्या बैलांत जास्त. बैल डोके झटकतो, शिंग खुंट्याला घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते, शिंग एका बाजूला कलते. ही लक्षणे दिसताच डॉक्टर गाठावा. लवकर शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचतो.

ही यादी वाचून घाबरण्याचे कारण नाही. यातली बरीचशी दुखणी वेळेवर दाखवली तर बरी होतात. मुद्दा एवढाच, की दहा दुखणी एकाच फुगवट्याच्या रूपाने समोर येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

ग्रंथीच्या गाठीची शंका केव्हा घ्यावी

जनावर वयस्क आहे. गाठ एकच आहे. ती कातडीतच आहे, म्हणजे कातडी चिमटीत धरून हलवली की गाठही तिच्याबरोबर हलते. वरचे केस गेले आहेत. रंग कधी कातडीसारखा, कधी पिवळसर, आणि हाताला तेलकटपणा लागतो. किंवा आत पाणी भरल्यासारखी गोल गाठ आहे. पापणीच्या कडेला आलेला दाणा हाही कधीकधी या जातीचा निघतो, जरी डोळ्याभोवती, विशेषतः जिथे कातडी पांढरी असते तिथे, दुसऱ्या एका कॅन्सरची भीती जास्त असते. अशी गाठ जोखडाच्या किंवा दाव्याच्या घर्षणाने फुटते, वर व्रण पडतो, माश्या बसतात, किडे पडतात. मग मालक किड्यांचा इलाज करीत राहतो आणि मूळ गाठ वाढत राहते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सारी शंका घेण्याची चिन्हे आहेत, निदान करण्याची नव्हेत. जुनी, न झडलेली चामखीळही अशीच दिसू शकते. कातडीखाली साबुदाण्याच्या लगद्यासारखा पांढरा मळ साचून झालेली साधी पिशवीही अशीच लागते. तीस वर्षे दवाखाना चालवलेल्या डॉक्टरालाही नुसते बघून खात्रीने सांगता येत नाही, आणि चांगला डॉक्टर ते सांगतही नाही.

गाठ आधी घरच्यांनाच सापडते

डॉक्टर वर्षातून चार वेळा गोठ्यात येतो. घरची बाई रोज दोन वेळा गाईच्या पोटाशी बसून धार काढते. बैलाला खरारा करणाऱ्या पोराचा हात रोज त्याच्या पाठीवरून फिरतो. गाठ लहान असताना सापडायची असेल तर ती यांच्याच हाताला सापडणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे लोण्याहळदीने मळतो आणि पोळ्याला त्यांना नदीवर धुतो. दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला हेच करतात. त्या दिवशी बैल पूर्ण भिजलेला असतो, केस अंगाला चिकटलेले असतात, आणि अंगावरचा बारीकसा फुगवटाही दिसतो. तेव्हा शिंगांच्या बुडापासून सुरुवात करून डोळे, कान, जबडा, गळ्याखालची पोळी, खांदा, वशिंड, पोट, जांघा आणि शेपटीच्या बुडापर्यंत सावकाश हात फिरवावा. गाईंना आणि म्हशींनाही तशीच आंघोळ घालून महिन्यातून एकदा हात फिरवावा. याला पैसा लागत नाही.

गाठ सापडली तर पोरांच्या जुन्या वहीत चार ओळी लिहाव्यात. कोणत्या जनावराला, कुठे, कोणत्या तारखेला दिसली. गाठीभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा आणि आकडा लिहावा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावा. आता घराघरांत मोबाइल आहे. गाठीशेजारी एक रुपयाचे नाणे धरून फोटो काढला तर मोजमाप आपोआप नोंदले जाते. "थोडी वाढली असेल" आणि "पंधरा दिवसांत दोरा दोन बोटांनी वाढला" यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर डॉक्टर निर्णय घेऊ शकतो.

दवाखान्यात काय होते

डॉक्टर आधी विचारपूस करील. वय काय, कधीपासून, एक की अनेक, गोठ्यात आणखी कुणाला आहे का, आधी काही लावले का. बिब्बा लावला असेल, डाग दिला असेल, तर ते लपवू नये. भाजल्यामुळे गाठीचे रूप बदलते आणि डॉक्टर फसू शकतो.

मग तो गाठ चाचपून पाहील. कातडीत आहे की खाली मांसाला घट्ट चिकटली आहे, कठीण की मऊ, गरम की थंड. त्या बाजूच्या लसिकाग्रंथीही तपासील. त्या कठीण आणि मोठ्या लागल्या तर काळजी वाढते.

पुढची पायरी सुईची. बारीक सुई गाठीत घालून थोडा अंश ओढून घेतात. पू आला तर गळू. रक्तच आले तर साकळलेले रक्त असण्याचा संभव. काहीच वाहते आले नाही, तर सुईत आलेला अंश काचेच्या पट्टीवर पसरून, वाळवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जनावराला इंजेक्शनाइतकेच दुखते. यातून पुष्कळदा दिशा कळते. तेलाने भरलेल्या, फेसासारख्या दिसणाऱ्या पेशी दिसल्या तर तेलाच्या ग्रंथीची गाठ आहे असे वाटू लागते. पण ती साधी की वाईट, हे सुईच्या अंशावरून दरवेळी सांगता येत नाही. विखुरलेल्या विटा पाहून घर कसे होते हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. त्यासाठी भिंतीचा सलग तुकडा लागतो.

तुकडा कसा घ्यायचा, कसा पाठवायचा

हे काम डॉक्टरचे आहे, पण मालकाला माहीत असले तर तो आठवण करून देऊ शकतो. जागा बधिर करून गाठीचा एक लहान तुकडा घेतात. गाठ छोटी असेल तर पूर्णच काढतात. तुकडा गाठीची आणि चांगल्या कातडीची जिथे सीमा असते तिथला घ्यावा. गाठ शेजारच्या जागेत घुसते आहे की नाही, हे सीमेवरच कळते. मधला सडलेला, किडे पडलेला भाग पाठवून उपयोग नाही. तिथे मेलेल्या पेशींशिवाय काही मिळत नाही.

काढलेला तुकडा लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे ते करतात. तुकड्याच्या दहापट द्रव हवा. तुकडा फार जाड नको. मोठी गाठ असेल तर मध्ये चिरा देतात किंवा तिच्यातले एक सेंटिमीटरपर्यंत जाडीचे काप पाठवतात, म्हणजे औषध आतपर्यंत मुरते. नाहीतर बाहेरून टिकलेला गोळा आतून कुजतो. बाटली रुंद तोंडाची घ्यावी. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा दाबून घालता येतो, पण औषधाने कठीण झाल्यावर तो बाहेर निघत नाही.

काही चुका नेहमी होतात. तुकडा मिठात घालणे, साध्या पाण्यात ठेवणे, किंवा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवणे. गोठवल्याने पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फॉर्मॅलिन विषारी आहे. त्याचा वास डोळ्यांत आणि नाकात झोंबतो. पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत ते कधीही घरात ठेवू नये. लहान मुले घरात असतात.

बाटलीवर चिठ्ठी हवी आणि सोबत डॉक्टरचे पत्र. जनावराची जात, वय, नर की मादी, गाठीची जागा, किती दिवसांची, किती वाढली. तुमच्या वहीतल्या त्या चार ओळी इथे कामाला येतात.

तपासणीसाठी जागा आपल्या राज्यात आहेत. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ती चालतात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कुठे पाठवणे सोयीचे, हे तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगतील. जनावर नेण्यासारखे नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते.

पाच मायक्रॉनचा काप

प्रयोगशाळेत त्या तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढून घेतात आणि त्याच्या जागी मेण मुरवतात. मग त्या मेणाच्या वडीचे यंत्रावर काप घेतात. काप किती पातळ? साधारण पाच मायक्रॉन. म्हणजे असे दोनशे काप एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर जाडी होते. काचेवर तो काप बसवून निळाजांभळा आणि गुलाबी असे दोन रंग देतात, आणि मग विकृतिशास्त्राचा डॉक्टर तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो.

त्याला पेशींची घरे दिसतात. तेलाच्या ग्रंथीच्या पेशींत तेलाचे थेंब असतात; तयारीत ते तेल विरघळून जाते आणि रिकाम्या जागा उरतात, म्हणून पेशी फेसाळ दिसतात. घामाच्या ग्रंथीच्या पेशी नळीभोवती कडे करून बसलेल्या दिसतात. चामखिळीत कातडीचाच थर जाड होऊन बोटांसारखा वर आलेला असतो. असे कूळ कळते.

मग स्वभाव. पेशी आपापल्या घरात ओळीने बसल्या आहेत, भोवती कुंपण शाबूत आहे, तर गाठ साधी. पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, जिथेतिथे दुभंगून वाढणाऱ्या, कुंपण मोडून खालच्या थरात किंवा रक्तवाहिनीत शिरलेल्या, तर गाठ वाईट. कापाच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी आहेत की कडेला चांगली कातडी आहे, हेही तो लिहितो. यावरून गाठ पूर्ण निघाली की मागे मूळ राहिले, ते समजते.

अहवाल आला, पुढे काय

एक उदाहरण घेऊ. सात वर्षांचा बैल आहे. मानेच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे, जू घासून ती फुटते. घरात दोन तट आहेत: ठेवायचा की विकायचा.

अहवाल आला की तेलाच्या ग्रंथीची साधी गाठ, पूर्ण निघाली. मग वाद मिटला. टाके भरेपर्यंत आणि डॉक्टर सांगेल तोपर्यंत जू ठेवू नये, जखमेवर माश्या बसू देऊ नयेत. बैल पुन्हा जोडीला लागतो.

अहवाल आला की गाठ साधी, पण कडेला पेशी शिल्लक आहेत. मग त्या जागेवर लक्ष ठेवायचे, दर महिन्याला हात फिरवायचा, आणि पुन्हा दाणा लागला तर तो बारीक असतानाच काढून घ्यायचा.

अहवाल आला की कॅन्सर. तरी घाई नको. जवळच्या लसिकाग्रंथी साध्या आहेत का, जनावराचे खाणेपिणे कसे आहे, जागा अशी आहे का की भोवतालच्या चांगल्या कातडीसकट गाठ काढता येईल, हे डॉक्टरबरोबर बसून पाहावे. लवकर सापडली असेल तर मोठी शस्त्रक्रिया करून जनावर वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. पसरली असेल तर त्यावर पैसा ओतून जनावराचे हाल वाढवण्यात अर्थ नाही. तेव्हा त्याच्या वेदना कमी कशा होतील एवढेच पाहावे. तो निर्णय जड असतो. वर्षानुवर्षे आपल्या हातचा घास खाल्लेल्या जनावराचा निर्णय हलका कसा असेल? पण तो माहितीवर घेतलेला निर्णय असतो, शेजाऱ्याच्या अंदाजावर नव्हे.

हे करू नका

बिब्बा, चुना, ॲसिड लावू नका. वरची कातडी जळते, गाठीचे मूळ आत राहते आणि व्रण चिघळतो. तापलेल्या सळईने डाग देऊ नका. देठावरच्या गाठीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधून ती गळवण्याची रीत जुनी आहे. पण गाठ चामखिळीची नसेल तर वरचा भाग गळतो आणि मूळ तसेच राहते. शिवाय त्या जखमेतून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात. गावात फिरणाऱ्या माणसाकडून वस्तऱ्याने गाठ कापून घेऊ नका. सुई आणि वस्तरा एका जनावराचा दुसऱ्याला वापरला की चामखिळीचा विषाणूही पसरतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टरने गाठ काढली की बहुतेक ठिकाणी ती उकिरड्यावर जाते, कुत्री नेतात, आणि सारे म्हणतात, निघाली एकदाची ब्याद. सहा महिन्यांनी ती तिथेच पुन्हा उगवते तेव्हा ती कशाची होती हे सांगायला पुरावा उरलेला नसतो. गाठ काढण्यापूर्वीच डॉक्टरला म्हणावे, "साहेब, तुकडा तपासायला पाठवू या." एवढे एक वाक्य पुरे आहे. ग्रंथींच्या गाठी आपल्याकडे दुर्मिळ म्हणतात त्या खरोखरच कमी आहेत. पण ज्या तपासल्याच गेल्या नाहीत त्या कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

घरच्यांच्या मनातले प्रश्न

धारा काढणाऱ्या बायका विचारतात, हे आम्हाला लागेल का? ग्रंथीची गाठ संसर्गजन्य नाही. ती एका जनावरापासून दुसऱ्याला किंवा माणसाला होत नाही. जनावरांची चामखीळ दुसऱ्या जनावरांना होते, पण तिचा विषाणू माणसाला चामखीळ करीत नाही. तरी उघड्या व्रणाला हात लागला तर साबणाने धुवावा, ही साधी शिस्त पाळावी.

दूध चालेल का? कातडीवर साधी गाठ आहे एवढ्याने दूध वाईट होत नाही; नेहमीप्रमाणे उकळून घ्यावे. मात्र शस्त्रक्रियेनंतर जी औषधे देतात त्यांचा अंश दुधात उतरतो. किती दिवसांचे दूध घरात आणि डेअरीत द्यायचे नाही, हे डॉक्टरला विचारून घ्यावे आणि तितके दिवस पाळावे. वासरालाही ते पाजावे की नाही, तेही विचारावे.

बैल विकायचा असेल तर? अहवाल हाती असेल तर घेणाऱ्याला खरे सांगता येते आणि भावही पडत नाही. गाठ साधी होती आणि निघाली, हे कागदावर दाखवता येते. बाजारात जनावर विकत घेताना आपणही शिंगाच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत हात फिरवावा, झुलीखालीसुद्धा.

आपल्याला गोठ्यात काही नवे शिकायचे नाही. हात रोज फिरतोच आहे. तो जरा सावकाश फिरवायचा. वही घरात आहेच. तिच्यात चार ओळी लिहायच्या. डॉक्टरकडे जायचेच आहे. ते गाठ लिंबाएवढी होण्याआधी, सुपारीएवढी असताना जायचे. आणि कापलेला तुकडा बाटलीतून प्रयोगशाळेत जाईल एवढे पाहायचे. बैल ठेवायचा की नाही, हे मग त्या पाच मायक्रॉनच्या कापाला विचारून ठरवता येते.